खोली कुठून मोजायची? : सीएनसी राउटर, लाकूड आणि शून्य

हल्ली देवघराची कवाडे, घराच्या नावाची पाटी, दिवाणखान्यातली जाळी, पलंगाच्या उशाकडची नक्षी यांतले बरेचसे काम सीएनसी राउटर या यंत्रावर होते. नक्षी संगणकावर काढायची, फळी यंत्राच्या बेडवर आवळून बसवायची, स्पिंडलमध्ये योग्य तो कटर लावायचा आणि यंत्र सुरू करायचे. मिनिटाला हजारो फेरे घेणारा कटर डावीकडे-उजवीकडे, पुढे-मागे आणि वर-खाली सरकत राहतो आणि लाकडात नक्षी उमटते. पुण्याच्या विश्रामबागवाड्यासारख्या जुन्या वास्तूंतल्या कोरीवकामाचा अभ्यास करता करता, हे काम आज कोण आणि कसे करते याची उत्सुकता वाटून मी गेली काही वर्षे अशा कारखान्यांतून हिंडतो आहे. मी अभियंता नाही. यंत्रांच्या पुस्तिका, कारागिरांची बोलणी आणि खिशातला व्हर्निअर कॅलिपर एवढ्यावरच माझा अभ्यास चालतो.

या हिंडण्यात एक तक्रार सगळीकडे ऐकायला मिळते : ‘खोली बरोबर येत नाही.’ पाच मिलिमीटर सांगितले तर कुठे साडेचार येते, कुठे सहा. फळी वाया जाते, आणि सागवानाची फळी वाया जाणे म्हणजे काय हे ज्याने अलीकडे सागवान विकत घेतले आहे त्याला सांगायला नको. मग दोष कुणाचा यावर वाद होतो. मालक ऑपरेटरला बोल लावतो, ऑपरेटर यंत्राला, आणि यंत्र विकणारा लाकडाला. माझे म्हणणे असे, की हा वाद मिटवणारा पुरावा बहुतेक वेळा त्या वाया गेलेल्या फळीवरच कोरलेला असतो. तो कसा वाचायचा, हे या लेखात मांडायचे आहे.

म्हातारीचा दात

‘राउटर’ हे नाव यंत्राच्या आधीपासून एका साध्या हत्याराचे आहे. सपाट तळव्याचा लाकडी ठोकळा आणि त्याच्या मधून खाली डोकावणारे एक पाते, एवढेच ते. कोरीवकामातली जमीन, म्हणजे नक्षीभोवतीचा खोलगट भाग, सगळीकडे एकसारख्या खोलीवर आणण्यासाठी ते वापरत. इंग्रज सुतारांनी त्याला ‘म्हातारीचा दात’ असे नाव दिले होते. बोळक्या तोंडात उरलेल्या एकुलत्या एका दातासारखे ते पाते दिसे, म्हणून.

या हत्याराची युक्ती त्याच्या तळव्यात आहे. पाते तळव्याखाली जेवढे बाहेर काढावे तेवढीच खोली मिळते, आणि तळवा मात्र भोवतालच्या लाकडावर टेकून सरकत असतो. फळी थोडी वाकडी असली तरी तळवा तिच्याबरोबर वर-खाली होतो. म्हणजे खोली प्रत्येक ठिकाणी तिथल्याच लाकडापासून मोजली जाते. पुढे विजेवर चालणारा हातराउटर आला, त्यालाही खाली सपाट पाया राहिला. तोही लाकडावर टेकूनच चालतो.

सीएनसी राउटरने हे टेकणे सोडले. त्याचा स्पिंडल लाकडाच्या वर, स्वतःच्या लोखंडी चौकटीवर लटकलेला असतो. या यंत्राचे मूळ घराणेही सुतारकामाचे नव्हे. अमेरिकेत जॉन पार्सन्स हा उद्योजक हेलिकॉप्टरच्या पंख्याची पाती बनवण्याच्या कामात होता. पात्याचे वळण आकड्यांत मांडून त्या आकड्यांवर यंत्र चालवावे, या त्याच्या कल्पनेतून पुढे एमआयटी या संस्थेच्या प्रयोगशाळेने १९५२ साली आकड्यांवर चालणारे मिलिंग यंत्र जगाला दाखवले. ते धातूसाठी होते. धातूचा ठोकळा आधी घासून सपाट करून घेता येतो, आणि एका पावसाळी रात्रीत तो वाकत नाही. लाकूड वाकते. आजच्या खोलीच्या तक्रारीचे मूळ या फरकात आहे.

एका ठिपक्यावरचा विश्वास

यंत्राला खोली कळते ती शून्यावरून. काम सुरू करण्यापूर्वी ऑपरेटर कटरचे टोक लाकडाला अलगद टेकवतो आणि यंत्राला सांगतो, ‘हे शून्य.’ कारखान्यात याला ‘झिरो घेणे’ म्हणतात. कुणी टोकाखाली कागद सरकवून अंदाज घेतो, कुणी ठरावीक जाडीची धातूची झिरो प्लेट वापरतो. त्यानंतर यंत्र ‘वजा पाच’ म्हणते तेव्हा त्याचा अर्थ एवढाच, की त्या ठिपक्याच्या पातळीपासून पाच मिलिमीटर खाली. बाकीची फळी त्याच पातळीत आहे, हे यंत्राने गृहीत धरलेले असते. ते तपासलेले नसते.

शून्य दोन जागी घेता येते : फळीच्या वरच्या पृष्ठभागावर किंवा खाली बेडवर. आरपार जाळी कापायची असेल तर बेडवरचे शून्य बरे. फळीची जाडी कमी-जास्त असली तरी कटर तळापर्यंत पोचतो आणि खाली पापुद्रा राहत नाही. नक्षी वरून ठरावीक खोल हवी असेल तर शून्य वरच्या पृष्ठभागावर घ्यावे. बेडवर शून्य घेऊन वरून खोली मागितली, तर मध्ये फळीची जाडी येते. बाजारात ‘अठरा एमएम’ म्हणून मिळणारे प्लायवूड मोजल्यावर साडेसतराच्या आसपास भरणे नवे नाही. संगणकात अठरा लिहिले आणि फळी साडेसतराची असली, तर नक्षी अर्धा मिलिमीटर उथळ येणार. इथे यंत्राने सांगितल्याप्रमाणेच काम केलेले असते.

शिरोरेखेची साक्ष

अर्धा मिलिमीटर म्हणजे कितीसा, असे वाटू शकते. सपाट टोकाच्या कटरने खळगा कोरला तर तो फरक डोळ्यांना दिसतही नाही, कारण खळग्याची रुंदी तीच राहते. अक्षरे मात्र बहुधा व्ही आकाराच्या कटरने कोरतात, आणि तिथे खोली बदलली की रुंदी बदलते.

हिशेब सोपा आहे. नव्वद अंशांच्या व्ही कटरने कोरलेली चर जेवढी खोल असते त्याच्या दुप्पट रुंद असते. साठ अंशांच्या कटरची चर खोलीच्या साधारण १.१५ पट रुंद. समजा, साठ अंशांच्या कटरने चार मिलिमीटर रुंदीची शिरोरेखा काढायची आहे. त्यासाठी टोक साधारण ३.४६ मिलिमीटर खाली जायला हवे. फळी एका बाजूला अर्धा मिलिमीटर उचललेली आणि दुसऱ्या बाजूला तेवढीच खचलेली असेल, तर शिरोरेखा एका टोकाला ४.६ आणि दुसऱ्या टोकाला ३.४ मिलिमीटर रुंद होते. नव्वद अंशांच्या कटरने हेच आकडे पाच आणि तीन असे येतील.

रोमन अक्षरे सुटी सुटी असतात. त्यांच्यातला असा फरक नजरेला चटकन जाणवत नाही. देवनागरीत शिरोरेखा शब्दाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग जाते, त्यामुळे ती जणू फळीवर ठेवलेली पट्टीच होते. ती हळूहळू जाड होत गेली, तर फळी त्या बाजूला वर आहे. ती मध्येच बारीक आणि दोन्ही टोकांना जाड असेल, तर फळीला मध्ये खोलगट बाक आहे. अनुस्वाराचे टिंब तर याहून नाजूक. दीड मिलिमीटर व्यासाच्या टिंबासाठी साठ अंशांचा कटर जेमतेम १.३ मिलिमीटर खाली जातो. त्या जागी फळी तेवढी खाली गेलेली असेल, तर कटर हवेतच फिरून येतो आणि ‘आनंद’ नावाच्या घराच्या पाटीवर ‘आनद’ उरते.

चुकीचे चार स्वभाव

खोली चुकण्याची कारणे मोजायला बसलो तर वीस-पंचवीस सहज निघतील. पण चूक कशी वागते ते पाहिले, की त्यांचे चारच गट पडतात.

पहिली चूक ठाम असते. सगळीकडे, सगळ्या खोल्यांना सारखीच : दोनच्या जागी २.४, आठच्या जागी ८.४. ही शून्याची चूक. झिरो प्लेटची जाडी यंत्रात चुकीची भरलेली असते, टोकाखाली भुसा अडकलेला असतो, किंवा कटर बदलल्यावर नव्याने झिरो घेतलेला नसतो. उठावाच्या नक्षीत, म्हणजे गणपती किंवा मोर कोरताना, हा शेवटचा प्रकार फार घडतो. आधी जाड कटरने ढोबळ काम होते, मग बारीक गोल टोकाच्या कटरने सफाई. प्रत्येक कटर स्पिंडलमधून कमी-जास्त बाहेर येतो, म्हणून शून्य पुन्हा घ्यावे लागते. ढोबळ कामात सगळा पृष्ठभाग खाऊन टाकला असेल तर ते घ्यायला जागाच उरत नाही. म्हणून फळीचा एक कोपरा मुद्दाम कोरा ठेवावा. सफाईचे शून्य वर राहिले तर ढोबळ कामाच्या पायऱ्या तशाच दिसत राहतात, आणि खाली गेले तर बारीक कटरवर भार येऊन तो मोडतो.

दुसरी चूक प्रमाणात वाढते. दोनच्या जागी २.१, चारच्या जागी ४.२, दहाच्या जागी १०.५. इथे शून्य बरोबर आहे, पण यंत्राचा मिलिमीटर मोठा झाला आहे. वर-खाली सरकवणारी स्टेपर मोटर विजेच्या ठोक्यांवर फिरते. एका फेऱ्याला दोन हजार ठोके आणि एका फेऱ्यात पाच मिलिमीटर सरकणारा स्क्रू असेल, तर मिलिमीटरला चारशे ठोके होतात. दुरुस्तीत स्क्रू बदलून दहा मिलिमीटरचा बसवला आणि आकडा चारशेच राहू दिला, तर प्रत्येक खोली दुप्पट येईल. एवढी मोठी चूक लगेच लक्षात येते. पाच टक्क्यांची चूक महिनोन्‌महिने लपून राहते.

तिसरी चूक जागेप्रमाणे बदलते. डावीकडे बरोबर, उजवीकडे खोल, मध्ये उथळ. ही बेडची किंवा फळीची. बेडवर सहसा एमडीएफची फळी कायमची बसवलेली असते, म्हणजे आरपार कापताना कटर धातूच्या बेडला न लागता तिच्यात उतरतो. तिच्यावर चरे पडतात, भुसा साचतो, आणि ओल लागली की एमडीएफ फुगते. यंत्राच्याच रुंद कटरने ती वरून हलकेच रंधून घेतली, की यंत्राच्या चालीशी समांतर होते. हे काम वेळच्या वेळी न केल्यामुळे वाया गेलेल्या फळ्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत.

चौथी चूक वेळेप्रमाणे वाढते. सुरुवातीचे काम चोख आणि शेवटचे बिघडलेले. यात दोन संशयित. एक म्हणजे कटर कोलेटमधून सरकणे. कोलेट झिजलेले असेल किंवा त्यात भुसा बसला असेल, तर भुसा वर फेकणारा पिळाचा कटर स्वतःलाच खाली ओढत जातो आणि काम खोल होत जाते. दुसरा म्हणजे मोटरचे ठोके चुकणे. जड स्पिंडल झपाट्याने वर उचलताना मोटर काही ठोके हरवते. यंत्राला वाटते आपण वर पोचलो, प्रत्यक्षात ते थोडे खाली असते, आणि पुढचे सगळे काम तेवढे खोल होते. दोघांतला गुन्हेगार ओळखायला एक पेन पुरे. काम सुरू करण्यापूर्वी कटरच्या दांड्यावर, कोलेटच्या कडेला लागून, बारीक रेघ मारावी. काम संपल्यावर रेघ सरकलेली दिसली तर दोष कोलेटकडे. ती जागेवर असूनही शून्य चुकत असेल तर मोटरकडे.

नऊ खळगे

हे चारही स्वभाव एकाच तुकड्यावर तपासता येतात. सगळीकडे सारख्या जाडीचा, बेडएवढा एमडीएफचा तुकडा घ्यावा. जाडी कॅलिपरने चारही कडांना मोजून घ्यावी. एका कोपऱ्यात वरच्या पृष्ठभागावर शून्य घ्यावे. मग सपाट टोकाच्या कटरने तीन ओळींत तीन-तीन असे नऊ चौकोनी खळगे, प्रत्येकी पाच मिलिमीटर खोल, बेडभर पसरून कोरावेत. पहिला खळगा शून्य घेतलेल्या जागेजवळच असावा, आणि त्याच्याजवळ दोन, चार, सहा, आठ आणि दहा मिलिमीटरचे पाच खळगे असावेत. सर्वांत शेवटी, पहिल्या खळग्याला लागून, पुन्हा एक पाच मिलिमीटरचा.

कॅलिपरच्या मागच्या टोकातून बाहेर येणारी बारीक दांडी खळग्यात उतरवून प्रत्येक खोली मोजावी आणि आकडा तिथेच पेन्सिलीने लिहावा. पहिल्या आणि शेवटच्या खळग्यांत फरक असेल तर चूक वेळेची. पायऱ्यांच्या पाच खळग्यांत फरक वाढत गेला तर प्रमाणाची, सारखाच राहिला तर शून्याची. नऊ खळगे आपापसांत जुळले नाहीत तर जागेची. एकाहून अधिक चुका एकत्र असल्या तर दुरुस्तीचा क्रम सांभाळावा : आधी वेळेची, मग प्रमाणाची, मग जागेची आणि शेवटी शून्याची. कटरच सरकत असेल तर बाकीच्या मापांवर विश्वास ठेवता येत नाही, म्हणून हा क्रम.

दोन कवाडे

या चाचणीचे मोल मला पटले ते एका छोट्या कारखान्यात. देवघराची दोन कवाडे बेडवर शेजारी शेजारी ठेवून, एकाच शून्यावर कोरली होती. डावे कवाड सुरेख झाले होते. उजव्या कवाडावरची वेल खोल गेली होती, आणि उजव्या कडेला तर तिचे देठ इतके बारीक झाले की दोन ठिकाणी तुटले. यंत्र चालवणारा मुलगा विशीतला होता. ‘झिरो चुकीचा घेतला’ असे म्हणून मालकांनी लाकडाचे पैसे त्याच्या पगारातून कापायचे ठरवले होते. ‘साहेब, मी प्लेट लावूनच झिरो घेतला होता,’ असे तो सांगत होता. त्याच्याकडे दुसरा पुरावा नव्हता.

कवाडे अजून कोपऱ्यात उभी होती. कोरीव भागाभोवतीच्या सपाट चौकटीपासून खोली मोजली. डाव्या कवाडावर ती सांगितल्याप्रमाणे होती. उजव्यावर डावीकडून उजवीकडे वाढत जात कडेला अर्ध्या मिलिमीटरहून जास्त भरली. झिरो चुकला असता तर दोन्ही कवाडे सारखीच बिघडली असती. डावे कवाड बरोबर आहे, याचाच अर्थ झिरो बरोबर होता. मग लाकडाची जाडी मोजली. ती दोन्हीकडे जुळत होती. बेडवर लांब सरळ पट्टी उभी धरून मागून टॉर्च लावला, तेव्हा पट्टीखालून डावीकडे प्रकाश येत होता आणि उजवीकडे येत नव्हता. उजवी बाजू शटरच्या दिशेने होती. पावसाची झड आत येऊन बेडवरची एमडीएफ तिथे फुगली होती. त्यावर ठेवलेले कवाड वर उचलले गेले आणि यंत्र आपल्या पातळीवर चालत राहिले, म्हणून काम खोल गेले.

नऊ खळगे कोरून पाहिले, त्यांनीही हेच सांगितले. मालकांनी आकडे दोनदा वाचले आणि त्याच दुपारी बेड रंधून घ्यायला सांगितले. पगाराचे बोलणे माझ्यासमोर झाले नाही. मुलाने मात्र तो नऊ खळग्यांचा तुकडा टाकून दिला नाही. तारीख घालून यंत्राशेजारच्या भिंतीला लावला.

लाकडाचा वाटा

यंत्र आणि बेड निर्दोष असले तरी लाकूड स्वस्थ बसत नाही. ते हवेतली ओल घेते आणि सोडते, आणि प्रत्येक दिशेने सारखे आक्रसत नाही. वाढीच्या वलयांना समांतर ते जेवढे आक्रसते, त्याच्या साधारण निम्मेच वलयांना आडवे. म्हणून ओंडक्यातून सरळ चिरलेली फळी वाळताना सालीच्या बाजूला खोलगट होते. फळीच्या टोकाकडची वलये पाहिली की ती कुणीकडे वाकणार हे आधीच कळते. जुने सुतार फळी जोडण्यापूर्वी टोक पाहतात ते याचसाठी.

वाकलेली फळी क्लॅम्पने दाबून सपाट केली तर कोरीवकाम चोख होते, पण क्लॅम्प सोडल्यावर फळी पुन्हा मूळच्या बाकावर जाते. फळी आधी रंधून दोन्ही बाजूंनी सपाट करावी आणि ज्या हवेत ती राहणार त्या हवेत काही दिवस ठेवावी, हा जुनाच उपाय आजही खरा आहे. नवा उपायही निघाला आहे. काही यंत्रे काम सुरू करण्यापूर्वी टोकाच्या स्पर्शाने फळीवरच्या अनेक ठिपक्यांची उंची मोजून घेतात आणि नक्षी त्या उंचसखलपणाप्रमाणे वाकवतात. काही स्पिंडलना लाकडावर टेकून सरकणारा पाया बसवता येतो. म्हातारीच्या दाताचा तळवा असा फिरून परत आला आहे.

आमच्याकडच्या बहुतेक छोट्या कारखान्यांत ही सोय नाही. तिथे तळव्याचे काम माणसाला करावे लागते : बेड रंधणे, फळीचे टोक पाहणे, दांड्यावर रेघ मारणे, महिन्यातून एकदा नऊ खळगे कोरून आकडे लिहून ठेवणे. या सगळ्याला मिळून एमडीएफचा एक तुकडा आणि तासाभराचा वेळ लागतो. कोरलेल्या वस्तूवर कारागिराचे नाव नसते. ती बिघडली की मात्र नाव लगेच शोधले जाते. अशा वेळी भिंतीवर आकडे लिहिलेला तुकडा असेल, तर बोट कुणाकडे दाखवायचे हे आवाजावर ठरत नाही, मोजून ठरते.